समुद्र गुलाबी आहे, तरी ऊन खरं का वाटतं? (मातीसची 'उघडी खिडकी', १९०५)

देवरुखची_सायली

नमस्कार मंडळी. चित्रकलेवर धागा काढायची ही माझी पहिलीच वेळ. लेकीकडे वॉशिंग्टनजवळ दोन महिन्यांसाठी आलो आहोत. इथल्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टला तिकीट नाही, त्यामुळे दुपारी मी आणि हे मेट्रोनं तिकडे जातो. मागच्या आठवड्यात एका लहानशा चित्रापुढे माझे पाय थबकले ते थबकलेच. फ्रेंच चित्रकार आन्री मातीसचं 'उघडी खिडकी, कोलियूर', साल १९०५. कोलियूर हे दक्षिण फ्रान्समधलं समुद्रकाठचं गाव. उंची ५५ सेंटिमीटर, रुंदी ४६. म्हणजे आमच्या गावच्या घरातल्या देव्हाऱ्याएवढं.

खोलीतून बाहेर पाहिलेलं दृश्य आहे. खिडकीची दोन्ही दारं आत उघडलेली. डावीकडची भिंत हिरवट निळी, उजवीकडची चक्क राणी रंगाची. कठड्यापाशी फुलांच्या कुंड्या, भोवती वेल, आणि पलीकडे बंदरात निळ्या होड्या. पाणी मात्र गुलाबी! आकाशातही फिरोजी, गुलाबी, जांभळट निळे असे पट्टे.

हे निवृत्त इंजिनिअर. दोन मिनिटं पाहून म्हणाले, "रंग सगळे खोटे आहेत. समुद्र कधी गुलाबी असतो का?" त्यांचं म्हणणं मला खोडता येईना. पण मला त्या क्षणी काय झालं ते सांगते. लहानपणी मे महिन्यात माजघरातल्या काळोखातून पडवीत आलं की डोळे दिपायचे ना, अगदी तस्संच झालं. ऊन अंगावर आलं.

तर प्रश्न असा: रंग खोटे असताना ऊन खरं का वाटतं? जाणकारांनी सांगावं. आणि ज्यांना हे चित्र अजिबात आवडत नाही त्यांनीही मोकळेपणानं लिहावं.

मधुमालती

वाचतेय. चित्र शोधून पाहिलं. मोबाइलच्या पडद्यावर मला तरी गोंधळ वाटला. नंतर पुन्हा बघते.

तैलरंगी

सायलीताई, प्रश्न फार नेमका विचारलात. मी ३० वर्षं शाळेत आणि नंतर कला महाविद्यालयात शिकवलं, त्यामुळे थोडं लांब लिहीन.

आधी एक साधी अडचण लक्षात घ्या. कुठल्याही चित्रकाराकडे सूर्य नसतो. ट्यूबमधला सगळ्यात पांढरा रंग म्हणजे जेमतेम पांढरा कागद. मग ऊन दाखवायचं कसं? शेकडो वर्षांचा तोडगा असा, की बाजूला अंधार करायचा. खोली काळीकुट्ट रंगवली की खिडकीबाहेरचा फिकट पिवळाही लखलखतो. आपण मोबाइलनं खिडकीचा फोटो काढतो तेव्हाही हेच होतं. बाहेरचं नीट यायला हवं तर आतलं काळं पडतं.

आता मातीसचं चित्र पुन्हा बघा. खोलीत अंधार आहे का? नाहीच. आतली भिंतही बाहेरच्या बंदराइतकीच पेटलेली आहे. म्हणजे तुमच्या माजघरात काळोख होता म्हणून पडवीत डोळे दिपले. इथे काळोखाशिवाय दिपतात. त्यानं उजेड-अंधाराचा विरोध काढून टाकला आणि त्या जागी हिरव्यासमोर गुलाबी, निळ्यासमोर नारिंगी असा रंगारंगांचा विरोध ठेवला. हे रंग एकमेकांना इतके डिवचतात की डोळा थरथरतो, आणि ती थरथर आपल्याला ऊन वाटते.

त्या उन्हाळ्यात मातीसबरोबर कोलियूरला चित्रकार आंद्रे देराँ होता, वयानं त्याच्याहून दहाएक वर्षांनी लहान. जुलैमध्ये देराँनं आपल्या मित्राला, व्लामँकला, पत्र लिहिलं. इथे आल्यावर उजेडाची नवी जाण आली आणि तिचा अर्थ सावली नाकारणं, असा त्याचा आशय आहे. आम्ही विद्यार्थी असताना सर पहिला प्रश्न विचारायचे, "सावली कुठाय?" हे दोघं त्या प्रश्नालाच नाही म्हणत होते.

दुसरी गोष्ट, फटकारे बघा. भिंतीवर रंग सपाट, रुंद ओढलेला. वेलीवर तुटक ठिपके. पाण्यावर आडवे, सुटे, लांबट. आणि मधेमधे कॅनव्हास तसाच कोरा सोडलाय. तो कोरा पांढरा हवेसारखं काम करतो. आदल्या वर्षी, १९०४ च्या उन्हाळ्यात, मातीस सां-त्रोपेला चित्रकार सिन्याकच्या संगतीत होता आणि शिस्तीत ठिपके देऊन रंगवत होता. वर्षभरात ती शिस्त इथे मोडली. एकाच चित्रात तीन-चार तऱ्हांचे हात दिसतात.

रोखठोक_करवीर

तैलरंगी सर, आदर ठेवून असहमत.

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे आबालाल रहिमानांची निसर्गचित्रं बघत माणसं मोठी झाली. कोटितीर्थाचं, रंकाळ्याचं पाणी त्यांनी असं रंगवलं की बोट लावलं तर ओलं होईल असं वाटतं. पहाटेचं पाणी वेगळं, संध्याकाळचं वेगळं. एकही रंग खोटा नाही, आणि तरी काव्य आहे. मग खरं सांगून जे साधतं ते खोटं सांगून साधायचा अट्टहास कशाला? "डोळा थरथरतो" म्हणजे ऊन कसं? लग्नाच्या मांडवातल्या दिव्यांच्या माळा बघूनही डोळा थरथरतो.

सायलीताईंच्या अनुभवावर शंका नाही. पण तो अनुभव त्यांच्या पडवीचा आहे, चित्राचा किती?

मालवणी_वारं

गुलाबी समुद्र बघायला फ्रान्सला कशाला जायचं? आमच्याकडे जेवणानंतर वाटीत असतो. सोलकढी म्हणतात त्याला! :)

पण करवीरदादा, एक सांगू का. मालवण-वेंगुर्ल्याच्या बंदरात होड्या बघा. निळ्या, केशरी, हिरव्या, पोपटी. दुपारी बारा-एकच्या सुमारास तो रंग पाण्यात उतरतो तेव्हा पाणी "निळं" राहत नाही. कॅमेऱ्यातून काही दिसत नाही, पण डोळ्याला दिसतं. मी लहानपणापासून बघतोय.

दोन_काड्या_सूत

वा, काय धागा आहे! करवीरदादांच्या "डोळा थरथरतो म्हणजे ऊन कसं" याला उत्तर द्यायचा प्रयत्न करते, पण चित्रकलेच्या बाजूनं नाही, मागाच्या बाजूनं. आमचं घर येवल्याचं, तीन पिढ्या पैठणीच्या मागावर.

पैठणीत धूपछाव म्हणतात ते तुम्ही पाहिलंच असेल. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. हिरवा ताणा आणि लाल बाणा घेतला तर कापड ना हिरवं ना लाल. अंगावर घेऊन चाललं की ते हलतं, जिवंत होतं. ही चमक नुसत्या रेशमाची नाही, दोन विरोधी रंग शेजारी आल्याची आहे. सारख्या जातीचे दोन रंग घेतले की तेच रेशीम असूनही कापड झोपतं. हा आमच्या घरातला शब्द आहे, कापड "झोपलं".

आणि हे नुसतं माझं घरगुती ज्ञान नाही. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवरचे विणलेले पडदे होत. तिथल्या रंगशाळेवर १८२४ मध्ये शेव्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ नेमले गेले. तक्रार अशी आली की काळा रंग नीट बसत नाही, निळ्या-जांभळ्या भागात तो मळकट दिसतो. त्यांनी रंग तपासला, तर त्यात खोट नव्हती. शेजारचा निळा-जांभळा त्या काळ्याला फिकट करत होता! यावरून त्यांनी शेजारी ठेवलेले रंग एकमेकांना कसे बदलतात याचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावर ग्रंथ छापला. पुढे चित्रकारांनी तो उचलला. तैलरंगी सरांनी सिन्याकचं नाव घेतलं, ती मंडळी याच नियमावर उभी होती.

माझे वडील काळ्या चंद्रकळेला अमुक निळा काठ लावू देत नसत. "काळा मरतो" म्हणायचे. शेव्रलचं नाव त्यांनी ऐकलं नव्हतं.

आता मजा बघा. मातीस वाढला तो उत्तर फ्रान्समधल्या बोएँ या गावात, आणि ते विणकरांचं गाव. आयुष्यभर तो कापडांचे तुकडे जमवत राहिला. हे चित्र मी उघडलं तेव्हा मला पहिल्यांदा काठ दिसले. दोन भिंती म्हणजे दोन काठ, मधला समुद्र म्हणजे अंग. काठ बदलला की अंगाचा रंग बदलतो, हे आमच्याकडे पोरालाही कळतं.

मधुमालती

"कापड झोपलं"! हा शब्द मी आजपासून वापरणार. दोन_काड्या_सूत, अजून लिहा हो तुम्ही.

पदार्थविज्ञान_नववी_ब

वर्गात मी एक प्रयोग घेतो, घरी करून बघा. लाल कागदाचा चौकोन पांढऱ्या भिंतीवर चिकटवा. नजर न हलवता ३० सेकंद बघा. मग कागद काढा. भिंतीवर हिरवट निळा चौकोन तरंगताना दिसेल. तिथे रंग नाही, तो तुमच्या डोळ्यानं तयार केला. लालासाठीच्या पेशी दमल्या की उरलेल्यांचा आवाज मोठा होतो.

म्हणजे मातीसच्या हिरवट भिंतीकडे बघून नजर पाण्याकडे वळवली की तो गुलाबी आणखी गुलाबी दिसणार. रंग निम्मा कॅनव्हासवर आहे, निम्मा आपल्या डोळ्यात. उन्हातून सावलीत आल्यावर डोळ्यापुढे रंगीत ठिगळं नाचतात तीही याच जातीची. करवीरसाहेब, मला वाटतं थरथर आणि ऊन यांचा संबंध इथे आहे. तीव्र उन्हात डोळ्याचं जे होतं, तेच हे चित्र थोड्या प्रमाणात करून दाखवतं.

रोखठोक_करवीर

हा मुद्दा मात्र विचार करण्यासारखा आहे. थांबतो. प्रयोग करतो.

तुलूझवासी

नोकरीनिमित्त आठ वर्षं तुलूझला आहे, कोलियूरला चारदा गेलोय. गाडीनं पेर्पिन्याँ, तिथून स्पेनच्या हद्दीकडे जाणारी दुसरी गाडी. गाव लहान. बंदराच्या टोकाला चर्च, त्याचा मनोरा पूर्वी दीपस्तंभ होता. एका बाजूला जुना किल्ला. किनाऱ्यावर वाळू कमी, गोटे जास्त. खारवलेल्या अँचोवी माशांसाठी गाव प्रसिद्ध आहे, आपल्या सुक्या बोंबलांवर वाढलेल्या माणसाला तिथला वास परका वाटत नाही.

गावात मातीस आणि देराँच्या वीसेक चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत, चित्र जिथून रंगवलं साधारण त्याच जागी. चित्र बघायचं, मान वळवायची, खरं दृश्य बघायचं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा हिरमुसलो. समुद्र स्वच्छ निळा! मनात म्हटलं, सायलीताईंचे इंजिनिअर साहेब म्हणतात तेच बरोबर.

तिसऱ्या खेपेला मुक्काम केला. तिथे त्रामोंतान नावाचं वायव्येचं कोरडं वारं सुटतं. दोन दिवस वाहिलं की हवा अशी धुवून निघते की लांबचे डोंगर हाताशी येतात. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किनाऱ्याजवळच्या पाण्यात घरांच्या गुलाबी-पिवळ्या भिंतींची प्रतिबिंबं पडली आणि काठाचं पाणी खरोखर गुलाबी झालं. मी उभाच राहिलो. त्यामुळे माझं मत असं, की रंग खोटे नाहीत. त्यानं जे पाहिलं तेच थोडं मोठ्यानं सांगितलं.

अवांतर: स्पॅनिश कवी आंतोनियो माचादोची कबर याच गावात आहे. यादवी युद्धातून जीव वाचवून सीमा ओलांडली आणि काही आठवड्यांत, फेब्रुवारी १९३९ मध्ये, तो इथे गेला. आजही लोक कबरीवर चिठ्ठ्या ठेवतात. मातीसच्या उजेडासाठी गेलो होतो, त्या चिठ्ठ्या वाचत जास्त वेळ थांबलो.

तैलरंगी

तुलूझवासी, वर्णन सुरेख. पण तुमच्या निष्कर्षाशी माझं जमत नाही. संध्याकाळच्या प्रतिबिंबानं पाणी गुलाबी झालं असं धरलं, तर डावी भिंत हिरवी का? ती हिरव्या रंगानं रंगवलेली होती असं धरलं, तर समोरची उजवी राणी रंगाची का? एकाच खोलीच्या दोन भिंती. आता तावदानं बघा. डाव्या दाराच्या काचेत गुलाबी छटा आहेत, म्हणजे समोरच्या भिंतीच्या. उजव्या दाराच्या काचेत हिरवे-निळे, म्हणजे डाव्या भिंतीचे. दोन्ही भिंती काचेतून एकमेकींच्या घरी जाऊन आल्यात. हे सगळं जुळवलेलं आहे. "जे दिसलं ते मोठ्यानं सांगितलं" एवढ्यानं भागत नाही.

मातीस पाण्याला गुलाबी देतो कारण त्या जागी, त्या हिरव्याशेजारी, त्याला गुलाबीची गरज आहे. उद्या भिंत पिवळी केली असती तर पाणी जांभळं झालं असतं.

तुलूझवासी

सर, तरी मी माझ्या गुलाबी पाण्याला सोडणार नाही. :) ठिणगी बाहेरून आली असेल आणि जुळवणी आत झाली असेल, एवढं तरी द्या.

तैलरंगी

दिलं.

मांडवीकाठची

खिडकीचा विषय निघाला म्हणून. आमच्या गोव्याच्या जुन्या घरांत शिंपल्यांच्या खिडक्या असतात. काचेऐवजी लाकडी चौकटीत चपट्या पातळ शिंपल्या बसवलेल्या. बंद केल्या की बाहेरचं काही दिसत नाही, पण खोलीभर दुधासारखा उजेड पसरतो. उघडल्या की एकदम माड, आकाश, सगळं धाडकन आत येतं. माझ्या आजोळी एका खोलीत अशा दोन होत्या आणि दुपारी आजी त्या अर्ध्या उघडायची. मातीसच्या चित्रात दारं आत उघडतात हे वाचलं आणि ते आठवलं. खिडकी बाहेर उघडली तर आपण बाहेर जातो. आत उघडली तर बाहेरचं आत येतं.

आमचा लक्ष्मण पै मडगावचा, पॅरिसमध्ये दहा वर्षं राहिला. त्याच्या चित्रांत गोव्याचा रंग कधी मेला नाही. बाहेर जाऊनही खिडकी घरातलीच राहिली.

इतिहासप्रेमी_बारामती

ज्या लोकांनी हे चित्र पहिल्यांदा पाहिलं त्यांना काय वाटलं, हे कोणीच लिहिलं नाही. १९०५ च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या 'सलों दोतोन' प्रदर्शनात सातव्या दालनात मातीस, देराँ, व्लामँक वगैरेंची चित्रं लागली. त्याच दालनात मधोमध जुन्या इटालियन वळणाचं एक शिल्प होतं. समीक्षक लुई वोक्सेलनं लिहिलं, हा तर हिंस्र श्वापदांच्या मधला दोनातेल्लो (जुना इटालियन शिल्पकार)! श्वापदं म्हणजे फ्रेंचमध्ये 'फोव्ह'. तिथून या मंडळींना फोव्ह आणि त्यांच्या शैलीला फोव्हिझम हे नाव पडलं.

गंमत म्हणजे हे श्वापद त्या वेळी पस्तिशीतलं, चष्मा लावणारं, वकिलाच्या कचेरीत कारकुनी करून झालेलं, तीन मुलांचा बाप. पैशाची ओढाताण. बायको आमेली टोप्या तयार करून विकायची, तोही घराला आधार. त्याच प्रदर्शनात मातीसनं काढलेलं तिचं चित्र होतं, 'टोपी घातलेली स्त्री'. लोक त्यापुढे उभे राहून हसत. शेवटी अमेरिकन स्टाइन भावंडांनी ते ५०० फ्रँकना घेतलं, म्हणून त्या घरात हिवाळा निभावला. चेहऱ्यावर हिरवे पट्टे रंगवून घेणाऱ्या त्या बाईबद्दल मला फार आदर वाटतो.

शांतनिवास_नागपूर

मी एरवी वाचून जाते, पण आज लिहिते. मातीसनं त्याच गावात नऊ वर्षांनी आणखी एक उघडी खिडकी रंगवली. १९१४, नाव 'कोलियूरची फ्रेंच खिडकी', पॅरिसच्या पाँपिदू केंद्राच्या संग्रहात आहे. जमिनीपर्यंत उतरणारी खिडकी. कडेला निळा, करडा, हिरवट असे उभे पट्टे. आणि मधे जिथे समुद्र हवा तिथे काळा. नुसता काळा.

ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं होतं. सैन्यात भरती व्हायला गेला तर घेतलं नाही. उत्तरेकडचं बोएँ, ज्याचा उल्लेख दोन_काड्या_सूत यांनी केला, जर्मनांच्या ताब्यात गेलं आणि म्हातारी आई तिथे अडकली. त्या शरद ऋतूत त्यानं ही खिडकी रंगवली. प्रकाश तिरपा पाडला तर काळ्याखाली गॅलरीच्या कठड्याच्या रेघा दिसतात. म्हणजे बाहेरचं आधी होतं, वरून काळा फिरवला. हे चित्र त्यानं जिवंतपणी कधी प्रदर्शनात लावलं नाही. १९५४ मध्ये तो गेला, आणि ते लोकांसमोर आलं १९६६ मध्ये.

काही जाणकार म्हणतात की तो काळाही अंधार नाही, उजेडच आहे, इतका प्रखर की काळा दिसावा. असेल. पण मी ते पॅरिसला पाहिलं तेव्हा माझे वडील जाऊन चार महिने झाले होते. मला तो काळा काळाच दिसला. रात्री दिवा मालवल्यावर उघड्या खिडकीत दिसतो तसा.

मालवणी_वारं

शांतनिवासताई, हे वाचून थोडा वेळ काही लिहावंसं वाटेना. धन्यवाद.

दोन_काड्या_सूत

ताई, मीही दोन्ही चित्रं शेजारी उघडून बसले आहे. तेच गाव, तोच माणूस.

तैलरंगी

शांतनिवासताईंनी काळ्या खिडकीची आठवण करून दिली, त्यातून मूळ प्रश्नाकडे येतो.

१४३५ मध्ये आल्बेर्ती नावाच्या इटालियन विद्वानानं लिहून ठेवलं, की चित्र काढताना मी आधी चौकोन आखतो आणि त्याला उघडी खिडकी समजतो, तिच्यातून विषय दिसतो. पुढची साडेचारशे वर्षं युरोपीय चित्रकला या वाक्यावर चालली. चित्र म्हणजे खिडकी, आणि चांगली खिडकी ती, जिची काच जाणवत नाही. करवीरदादांना आबालालांचं पाणी ओलं वाटतं ते याच परंपरेचं मोठं यश आहे, त्यात कमीपणा काही नाही.

मातीस खिडकीचंच चित्र काढतो आणि खिडकीतून आरपार जाऊ देत नाही. रंग तुम्हाला कॅनव्हासच्या पृष्ठभागावर रोखून धरतो. भिंत, दार, कुंडी, होडी, सगळं एकाच पातळीवर, एकाच जोरात. पुढे त्यानं एका मुलाखतीत सांगितलं, त्याचा आशय असा की क्षितिजापासून माझ्या खोलीपर्यंत अवकाश एकच आहे. लांबून जाणारी होडी आणि माझ्या टेबलावरची वस्तू एकाच जागी राहतात, खिडकीची भिंत दोन जगं करत नाही. मांडवीकाठची यांच्या आजीची आत उघडणारी खिडकी मला म्हणूनच फार आवडली.

सायलीताई, एक करा. पुन्हा गेलात की चित्रापासून सहा-सात फूट उभ्या राहा, एक डोळा मिटा, आणि तळहात असा धरा की उजवीकडची राणी रंगाची भिंत झाकली जाईल. मग समुद्राकडे बघा. नंतर हात काढा. काय होतं ते इथे लिहा.

आणि वॉशिंग्टनमध्येच आहात तर फिलिप्स कलेक्शनही बघून या. तिथे बोनार या फ्रेंच चित्रकाराची 'उघडी खिडकी' आहे, १९२१ ची. तिची हिरवळ वेगळ्याच सुरात लागली आहे.

रोखठोक_करवीर

लाल कागदाचा प्रयोग केला. मुलीला आणि आईलाही करायला लावला. आई म्हणाली, "भिंतीवर हिरवं काहीतरी हलतंय." नंतर चित्र मोठ्या स्क्रीनवर उघडून अर्धा तास बसलो.

माझं मत प्रामाणिकपणे असं: मला अजूनही आबालाल जवळचे वाटतात. त्यांच्या पाण्यापाशी बसावंसं वाटतं, मातीसच्या पाण्यापाशी नाही. पण "खोटं" हा शब्द मी मागे घेतो. सायलीताईंचा अनुभव त्यांच्या पडवीचा, असं मी म्हणालो होतो, तेही मागे घेतो. त्या भिंतीत काहीतरी चालू आहे हे मलाही दिसलं.

मधुमालती

मी घरच्या प्रिंटरवर छापून भिंतीला लावलं. प्रिंटमध्ये झोपलं! :( मूळ चित्रच बघायला हवं बहुतेक.

दोन_काड्या_सूत

प्रिंटमध्ये राणी रंग तसाच उतरत नाही हो. साडीच्या फोटोंचंही तेच होतं. गिऱ्हाईक रोज भांडतं.

देवरुखची_सायली

सर्वांचे किती आभार मानू! रोज सकाळी चहा घेत धागा वाचते आणि ह्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. येवल्याचा प्रतिसाद त्यांनी दोनदा वाचायला लावला.

काल पुन्हा गेलो. बुधवार होता, दालनात गर्दी नव्हती. तैलरंगी सरांनी सांगितलं तसं केलं. एक डोळा मिटला, तळहातानं उजवी भिंत झाकली. आधी काही कळेना. मग जाणवलं की पाणी विझलंय. गुलाबीच होतं, पण धुतलेल्या कापडासारखं. हात काढला आणि पाणी परत पेटलं. होड्यांच्या केशरी काठ्याही ताठ झाल्यासारख्या वाटल्या. चारपाचदा केलं. तिथला रखवालदार बघत होता, तोही हसून जवळ आला आणि त्यानंही एक डोळा मिटून हात धरून पाहिला.

माझ्या माजघराबद्दल सर म्हणाले ते खरं आहे, तिथे काळोख होता. पण एक गोष्ट तेव्हा लिहायची राहिली, ती काल त्या भिंतीकडे बघताना आठवली. आमची पडवी मे महिन्यात शेणानं सारवलेली असायची, ओली असताना हिरवट, आणि समोर अंगणात आई लाल मिरच्या वाळत घालायची. मला वाटायचं ऊन डोळ्यांवर येतंय. काय माहीत, मिरच्याच येत असतील.

हे म्हणाले, "आता मी बघतो." चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, हात धरला. मी बाकावर बसले. दहा मिनिटांनी वळून बघितलं तर तिथेच उभे. मी म्हटलं, मेट्रोला गर्दी होईल, निघू या का? तर म्हणाले, "तू हो पुढे. मी डावी भिंत झाकून बघतोय."